फाळक्यापर्यंतचे अडीच फूट

भातकुली तालुक्यात मोटारसायकल पिकअपवर चढवायचे हंगाम ठरलेले आहेत. पहिला पावसाळ्याचा. पूर्णा-पेढीच्या खोऱ्यातली ही खारपाणपट्ट्याची काळी जमीन पाणी पडलं की फुगते आणि चिकटते. पांदणीतून निघालेल्या गाडीचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा गारा भरतो की चाक फिरायचंच थांबतं. वरून एक्सलेटर पिळत राहिलं की क्लचप्लेटा जळतात, आणि गाडी अमरावतीला मिस्त्रीकडे न्यायला छोटा हत्ती बोलवावा लागतो. दुसरा हंगाम लग्नसराईचा. आंदणात गाडी देऊ नये हे सगळ्यांना पटलेलं असतं आणि मांडवाबाहेर हार घातलेली कोरी गाडी तरीही उभी असते. तो विषय निराळा. तिसरा हंगाम पोरगं पुण्याला नोकरीला लागलं की येतो. मग गाडी बडनेऱ्याला नेऊन रेल्वेच्या पार्सलनं पाठवायची, किंवा पुण्याला निघालेल्या एखाद्या मालवाहूत जागा बघायची.

या सगळ्या कामाला हाताशी असतो तो छोटा हत्तीच. टाटा मोटर्सनं ही ‘एस’ गाडी 2005 साली बाजारात आणली. ती घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते गिरीश वाघ. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल, सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद डाला. त्याआधी गावात माल न्यायचा तर बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, नाहीतर अमरावतीहून बोलावलेला मेटाडोर. आता गल्लीत एक तरी एस किंवा बोलेरो पिकअप उभी दिसते. बोलेरोचा डाला आणखी लांब-रुंद आणि थोडा जास्त उंच. कोणतीही घेतली तरी रिकाम्या गाडीचा डाला जमिनीपासून साधारण अडीच ते तीन फुटांवर असतो. पुढचा हिशेब मी अडीच फुटांवर मांडला आहे. आपल्या गाडीचा टेपनं मोजून घ्यावा.

मोटारसायकल चढवताना भीती वाटते ती वजनाची. स्प्लेंडर प्लसचं वजन 112 किलोच्या आसपास, पल्सर 150 चं 148, बुलेटच्या घरातली क्लासिक 350 घेतली तर 195. स्प्लेंडरसारखी गाडी चार धडधाकट माणसांना जड नाही. लोकांची बोटं चेंगरतात, पायावर गाडी येते, कंबर धरते, ती त्या अडीच फुटांच्या उंचीपायी. त्यामुळे गाडी उचलायला किती माणसं आहेत हे मोजण्याआधी ती उंची कशी कमी करता येईल हे पाहावं. तेवढं जमलं की उरलेलं काम निम्म्याहून सोपं होतं.

पण आपल्याकडची रीत वेगळी. पिकअपवाला फाळका पाडतो, आजूबाजूची पोरं गोळा होतात आणि कोणीतरी म्हणतं, “काई नाई होत भाऊ, चौघं लागले का दोन मिनिटाचं काम हाय.” दोन मिनिटांचं काम असतं हे खरं. त्या दोन मिनिटांत वजन कुठून कुठे जातं ते मात्र पाहण्यासारखं आहे.

सपाट जमिनीवर उभ्या स्प्लेंडरच्या पुढच्या चाकावर साधारण 50 किलो असतात आणि मागच्यावर 60 च्या वर. पुढचे दोघे पुढचं चाक उचलतात तेव्हा एकेकाच्या वाट्याला पंचवीसेक किलो येतात. हसतखेळत चाक डाल्यावर टेकतं. इथेच सगळ्यांना वाटतं की अर्धं काम झालं, आणि पुढचे दोघे हात झटकतात. प्रत्यक्षात आता गाडी सुमारे 38 अंशांत तिरपी झालेली असते. तिच्या दोन चाकांमधलं अंतर चार फुटांच्या जवळपास असतं, त्यातलं एक टोक आपण अडीच फूट वर नेलेलं असतं. इंजिन, टाकी, बॅटरी हे सगळं जमिनीपासून उंचावर असल्यानं गाडी तिरपी होताच तिचा भार मागे कलतो. ढोबळ हिशेब केला तर 112 पैकी नव्वदेक किलो आता एकट्या मागच्या चाकावर असतात. म्हणजे मागच्या दोघांना सुरुवातीची उचल सर्वांत जड पडते, आणि तीही वाकून, फाळक्याच्या कडेशी, पाय कुठे ठेवावा हे न दिसता. गाडी जसजशी आडवी होत जाते तसा भार पुन्हा पुढे सरकतो. सुरुवातीचा एक फूट निभावला की पुढचं सोपं.

म्हणून चौघांनीच उचलायचं ठरलं तर तगडे दोघे मागे ठेवावेत. पुढच्या दोघांपैकी एकानं चाक टेकल्याबरोबर डाल्यात चढून हँडल सरळ धरावं आणि पुढचा ब्रेक दाबून ठेवावा, नाहीतर मागचे उचलत असताना चाक बाहेर घरंगळतं. मागच्यांनी उचल घ्यायच्या क्षणी तो ब्रेक सोडून गाडी आपल्याकडे ओढावी. उचलायची खूण एकानंच द्यावी. चौघं चार वेळा “हं” म्हणाले की गाडी एका बाजूला झुकते, आणि झुकलेल्या गाडीला कोणी ताकदीनं थांबवू शकत नाही.

हात कुठे लावायचे हेही आधी पाहून ठेवावं. पुढे फोर्कच्या खालच्या जाड नळ्या किंवा लेगगार्ड. मागे सीटमागचा लोखंडी दांडा, नाहीतर शॉकअप जिथे खाली चाकाच्या दांडीला जोडलेला असतो तो भाग. इंडिकेटर, नंबरप्लेट, प्लॅस्टिकचा मडगार्ड, साडीगार्ड यांना धरून गाडी उचलणारे लोक शेवटी हातात तोच भाग घेऊन उभे राहतात. चाकाच्या आरांत बोटं घालून उचलू नये. चाक थोडं फिरलं की बोट आर आणि फोर्क यांच्यात सापडतं. चेन उघडी असलेल्या गाडीच्या डाव्या बाजूला तर जास्तच जपावं. आणि चालवत आणलेल्या गाडीचा सायलेन्सर अर्धा तास तरी तापलेला असतो, तो बहुतेक गाड्यांत उजवीकडे असतो, आणि उजवीकडे उभा राहिलेला माणूस बहुधा हाफ पँटीत असतो.

आता उंचीकडे येऊ. रेल्वेनं हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. बडनेरा हे मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन. तिथे काय किंवा कुठल्याही मालधक्क्यावर काय, धक्क्याची उंची वॅगनच्या तळाशी जुळवलेली असते, म्हणजे हमालाला पोतं वर उचलावं लागत नाही, सरळ आत चालत जाता येतं. बाजार समितीतले ओटेही त्याच विचारानं बांधलेले. गावात असा ओटा नसेल तरी जमीन असतेच. रस्त्याच्या भरावाची कड, शेताचा बांध, ग्रामपंचायतीनं टाकून ठेवलेला मुरुमाचा ढीग, शाळेच्या मैदानाचा उंच कोपरा. पिकअप मागे घेत फाळका अशा उंचवट्याला भिडवला की अडीच फुटांचे दीड होतात, कधी अर्धा फूटच उरतो. उलटही करता येतं. पिकअपची मागची चाकं एखाद्या उथळ खड्ड्यात किंवा रस्त्याकडेच्या कोरड्या चारीत उतरवायची आणि फळी रस्त्याच्या कडेवर टेकवायची. कोरड्या हा शब्द मुद्दाम लिहिला. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात हा प्रयोग केला तर मोटारसायकल राहते बाजूला आणि पिकअप काढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो.

फरक किती पडतो ते पाहा. फळीवरून गाडी वर ढकलायला लागणारा जोर म्हणजे, घर्षण बाजूला ठेवलं तर, गाडीचं वजन गुणिले उंची भागिले फळीची लांबी. अडीच फूट उंचीला पाच फुटांची फळी लावली तर 112 किलोच्या गाडीला 56 किलोंचा रेटा लागतो. आठ फुटांची लावली तर 35. तीच आठ फुटांची फळी, पण मागची चाकं फूटभर खाली उतरवलेली, म्हणजे उंची दीड फूट, तर रेटा 21 किलोंवर येतो. 21 किलो एक माणूस रेटू शकतो, दुसरा नुसता तोल सांभाळायला. ज्या कामाला चौघं लागत होते ते दोघांत होतं, आणि कोणालाही गाडीच्या खाली जावं लागत नाही.

आखूड फळीचा आणखी एक तोटा बऱ्याच जणांना गाडी अडकल्यावरच कळतो. पुढचं चाक डाल्यात आणि मागचं अजून फळीवर अशा क्षणी गाडीचं पोट डाल्याच्या कडेवर येतं. स्प्लेंडरचं पोट जमिनीपासून 165 मिलिमीटर उंच आणि चाकांमधलं अंतर 1236 मिलिमीटर. या दोन आकड्यांवरून भूमिती सांगते की साधारण 30 अंशांपलीकडच्या चढाला कड पोटाला घासणार. अडीच फुटांना पाच फुटांची फळी म्हणजे बरोबर 30 अंश. मग गाडी सायलेन्सरच्या बाकावर किंवा मेन स्टँडवर अडकते, पुढेही जात नाही, मागेही येत नाही, आणि ढकलणारे जास्त जोर लावतात. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचं पोट आणखी लांब-सपाट, ती त्याहून लवकर अडकते. आठ फुटांच्या फळीला चढ 18 अंशांचा होतो आणि हा प्रश्नच उरत नाही. परदेशात मोटारसायकल चढवायला ज्या घडीच्या ॲल्युमिनियमच्या फळ्या मिळतात त्या मधून कमानीसारख्या वाकवलेल्या असतात, त्या याच कारणानं: वरच्या टोकाशी चढ सौम्य व्हावा म्हणून.

फळी कशाची? गावात बहुधा सेंट्रिंगची पाटी नाहीतर जुन्या दाराचं पाखं पुढे येतं. सेंट्रिंगची पाटी इंचभर जाडीची असते. लाकडी फळीची ताकद जाडीच्या वर्गानं वाढते, रुंदीनं मात्र सरळ प्रमाणात. म्हणजे दोन एक-इंची फळ्या शेजारी ठेवल्या तर ताकद दुप्पट होते, पण त्याच रुंदीची एक दोन-इंची फळी घेतली तर चौपट. मोटारसायकल आणि तिच्याबरोबर चालणारा माणूस मिळून 180 किलोंचा भार आठ फुटांच्या फळीच्या मध्यावर येतो. दहा इंच रुंद, दोन इंच जाड, गाठी नसलेली सागाची किंवा बाभळीची फळी तो पेलते. इंचभर जाडीची वाकते, आणि एक गाठ चुकीच्या जागी असली तर मोडते. मोडली तर ती मधोमध मोडते, म्हणजे गाडी आणि माणूस दोघं अर्ध्या उंचीवर असताना. माणसासाठी शेजारी दुसरी फळी टाकावी हे उत्तम. ती डाव्या बाजूला टाकावी, कारण क्लच डावीकडे, साइड स्टँडही डावीकडे.

फळी मोडण्याहून जास्त वेळा फळी निसटते. चाक तिच्यावर चढताना ती मागे रेटली जाते, पिकअपही इंचभर पुढे सरकते, आणि वरचं टोक डाल्याच्या कडेवरून सुटतं. गाडी इंजिनाच्या जोरावर चढवली तर मागचं चाक फळीला अक्षरशः मागे फेकतं. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. फळीच्या वरच्या टोकाला भोक पाडून दोर ओवायचा आणि तो डाल्याच्या हुकाला ताणून बांधायचा, म्हणजे टोक जागचं हलत नाही. पिकअपचा हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, आणि तरीही चाकांना दगड लावायचे. जुन्या पिकअपच्या हँडब्रेकवर भरवसा ठेवणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही, पिकअपवाल्यांतही नाही. शक्य तर फळी साखळीवर लटकवलेल्या फाळक्यावर टेकवू नये. फाळका पूर्ण खाली सोडावा आणि फळी थेट डाल्याच्या तळावर घ्यावी. साखळीची कडी आणि फाळक्याचे बिजागर इतक्या भाराच्या झटक्यासाठी केलेले नसतात.

आणि चाकं धुवावीत. हे सांगायला नको असं वाटतं, पण पांदणीतून आणलेल्या गाडीचा चिखल फळीवर लागला की ती साबणासारखी होते, आणि 18 अंशांच्या चढावर ब्रेक लावलेली गाडीसुद्धा घसरत खाली येते. फळीवर जुन्या टायरच्या पट्ट्या खिळ्यांनी आडव्या ठोकल्या की काम होतं. घाई असेल तर ओलं न झालेलं बारदान अंथरावं, पण तेही वरच्या टोकाला बांधून.

गाडी चढवताना इंजिन बंद ठेवावं की चालू, यावर गावागावांत वाद आहेत. माझं मत बंदच्या बाजूनं आहे. बसून, एक्सलेटर देत गाडी फळीवरून वर नेणारी पोरं मी पाहिली आहेत. जमिनीवर दोन्ही पाय टेकणारा माणूस वरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याचे पाय टेकायला जमीन अडीच फूट खाली गेलेली असते. तिथे गाडी बंद पडली किंवा किंचित झुकली तर पाय हवेत जातो आणि माणूस गाडीसकट बाजूला कोसळतो. न कोसळता वर पोचला तर आत सात फुटांत थांबायचं असतं, समोर केबिनची काच.

इंजिन बंद ठेवून चढवायची तर एक युक्ती माहीत हवी. मध्येच दमलात, थांबायचं आहे, तर कोणता ब्रेक दाबाल? हात आपोआप पुढच्या ब्रेकवर जातो. पण चढावर भार मागच्या चाकावर गेलेला असतो, पुढच्यावर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. पुढचं चाक थांबतं आणि थांबलेलं चाकच फळीवरून खाली घसरतं. मागचा ब्रेक पायानं दाबायचा असतो, तोही उजव्या बाजूला, आणि आपण उभे डावीकडे. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि क्लच दाबून ढकलावी. थांबायचं झालं की क्लच सोडायचा. बंद इंजिन मागचं चाक जखडून धरतं. पुन्हा ढकलायचं तर क्लच दाबायचा. उतरवतानाही हीच रीत: गाडी मागे मागे घेत, क्लच थोडा सोडत आणि दाबत, टप्प्याटप्प्यानं. स्कूटरला हा क्लच नाही, तिथे मागचा ब्रेक डाव्या हाताशी असतो, तो वापरावा. बॅटरीवरच्या स्कूटरची चावी काढून खिशात घालावी. चालू राहिलेली स्कूटर आवाज करत नाही आणि ढकलणाऱ्याच्या हातानं मूठ पिळली गेली की एकदम उडी घेते.

गाडी आत गेली, फाळका लागला, आता बांधायची. निम्मे लोक इथे साइड स्टँड लावतात, एक नायलॉनची दोरी हँडलला गुंडाळतात आणि निघतात. साइड स्टँडवरची गाडी प्रत्येक खड्ड्यात उसळून पुन्हा त्या एका दांडीवर आपटते. दांडी वाकते, नाहीतर तिची पाचर फ्रेमपासून सुटते. मेन स्टँड त्याहून बरा दिसतो पण जोरात ब्रेक लागला की गाडी पुढे जाऊन स्टँडवरून उतरते. गाडी तिच्या दोन चाकांवर उभी, स्टँड वर केलेला, आणि दोर चार कोपऱ्यांना, ही सर्वांत भरवशाची बांधणी. पुढचं चाक केबिनमागच्या पत्र्याला टेकवावं, मध्ये जुना टायर किंवा दुमडलेलं पोतं. पुढचे दोन दोर हँडलच्या मुठींना बांधू नयेत. तिथे ते सरकतात आणि क्लच-ब्रेकच्या वायरी दाबतात. हँडलखाली दोन्ही फोर्क जिथे एका जाड तुकड्यात जोडलेले असतात तिथून ते निघावेत, आणि पुढे, खाली व बाहेर असे डाल्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतल्या हुकांना जावेत. दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं ताणत पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबेपर्यंत आवळावं. दबलेला शॉकअप दोर कायम ताणलेला ठेवतो, खड्ड्यात गाडी खाली गेली तरी दोर सैल पडत नाही. पुरते दाबून टाकले तर त्यांना हलायला जागा उरत नाही आणि ऑइलसीलवर ताण येतो. मागचे दोन दोर मागच्या चाकाच्या दांडीपासून किंवा सीटमागच्या दांड्यापासून मागे आणि बाहेर. त्यांचं काम गाडीचं बूड डावीउजवीकडे सरकू न देणं एवढंच, म्हणून ते माफक ताणावेत.

क्लासिक 350 सारखी गाडी सात फुटांहून किंचित लांब असते. ती एसच्या डाल्यात सरळ बसत नाही आणि लोक फाळका उघडा ठेवून मागचं चाक बाहेर काढतात. तिरपी लावली की बसते. पावणेपाच फूट रुंदीमुळे कर्ण साडेआठ फुटांच्या जवळ जातो. बाहेर आलेल्या मालासाठी 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, आणि त्या दंडापेक्षा मागून अंधारात येणारा मोटारसायकलवाला मोठं कारण आहे.

दोर कोणता हेही पाहावं लागतं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कॅरिअरवर डबा बांधायला ठीक. मोटारसायकल त्यांनी बांधली तर ती डाल्यात डोलत राहते आणि डोलता डोलता पडते. नायलॉन ताण पडला की लांबतो, भिजला की आणखी. तागाचा किंवा सुताचा दोर उलट भिजला की आखडतो आणि वाळला की सैल पडतो. सकाळी पावसात बांधून दुपारच्या उन्हात बडनेऱ्याला पोचलेली गाडी म्हणून सैल सापडते. कड-कड आवाज करत आवळला जाणारा पॉलिस्टरचा रॅचेट पट्टा हा यातला सर्वांत चांगला, आणि चार पट्टे एकदा घेतले की पुष्कळ वर्षं चालतात. काहीही वापरलं तरी चार-पाच किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळावं, कारण तोवर गाठी बसलेल्या असतात आणि शॉकअप थोडे खाली गेलेले असतात. बैलगाडी भरणारे जुने धुरकरी शिवेबाहेर पडताच गाडी थांबवून नाडा पुन्हा ओढायचे आणि ओझं उलार तर होत नाही ना ते बघायचे, तसंच हे.

बांधणी किती भक्कम हवी? युरोपातल्या माल-बांधणीच्या मानकात पुढच्या दिशेनं मालाच्या वजनाच्या 0.8 पट आणि बाजूंना व मागे 0.5 पट जोर धरला आहे. म्हणजे स्प्लेंडरसाठी ब्रेक लागताना पुढे नव्वद किलो आणि वळणावर बाजूला 56. पुढचा जोर केबिनचा पत्रा घेतो, बाजूचा सगळा दोरांवर. आपल्याकडे यात एक भर घालावी लागते. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्या रस्त्यावर पिकअप सत्तरनं पळते. मग ती खोलापूरकडे किंवा टाकरखेडा संभूकडे गावात वळते, आणि पहिल्याच गतिरोधकावर डाल्यातली गाडी चेंडूसारखी उडते. वेग ठरवताना या गतिरोधकाचा विचार करावा.

या सगळ्या बांधणीला आपल्याकडे एक पर्याय मानला जातो: एक पोरगा मागे बसवायचा, गाडी धरून. डाल्यात मोटारसायकलच्या शेजारी, केबिनकडे पाठ करून बसलेला हा पोरगा या पूर्ण प्रकारातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. ब्रेक लागताना नव्वद किलोंचा जोर तो हातांनी थांबवू शकत नाही. तो फक्त गाडी आणि पत्रा यांच्यामध्ये असतो. कायद्याची बाजूही त्याच्या विरुद्ध आहे. मालवाहूतून फुकट प्रवास करणाऱ्याची नुकसानभरपाई विमा कंपनीनं देणं बंधनकारक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2002 मध्ये दिला. 1994 च्या दुरुस्तीनं मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचं संरक्षण मिळालं, पण तो केबिनमध्ये बसला असेल तर, असं न्यायालयानं नंतर स्पष्ट केलं. तेव्हा गाडीचा मालक ड्रायव्हरशेजारी बसेल, बाकीचे एसटीनं येतील.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. रेल्वे पार्सलला टाकी पूर्ण रिकामी करून, बारदानात बांधून, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती जोडून गाडी द्यावी लागते, त्यामुळे बडनेऱ्याला निघताना जेमतेम तिथवर पुरेल इतकंच ठेवावं. पिकअपवर न्यायची तरी टाकी काठोकाठ नको. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीचा कॉक बंद करावा. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत बहुधा हा कॉक नसतो. गाडी आडवी पडून पेट्रोल सांडलं असेल तर आधी ते वाळू द्यावं आणि बिडीवाल्याला लांब पाठवावं.

राहता राहिली ती माझी पिकअपवाल्यांकडे मागणी. अमरावतीच्या एमआयडीसीत किंवा गावच्या वेल्डिंगच्या दुकानात चॅनल आणि चेकर्ड प्लेटची आठ फुटांची, एक फूट रुंद फळी करून मिळते. वरच्या टोकाला डाल्याच्या कडेवर बसणारी वाकडी पट्टी आणि दोर बांधायला दोन कड्या करून घ्याव्यात, म्हणजे ती निसटत नाही. डाल्यात बाजूला उभी बांधून ठेवली तर जागाही खात नाही. भाड्यात त्यापोटी शे-पन्नास रुपये जास्त लावा, गिऱ्हाईक देईल. आणि गिऱ्हाइकानंही पिकअप ठरवताना भाडं विचारायच्या आधी एवढंच विचारावं: दादा, फळी हाय का?